लाल झालेलं वळण

केतकी सपकाळची गाडी त्या वळणावर घसरली ती जेमतेम अर्धा सेकंद. मागचं उजवं चाक शेवाळावरून सुळकन सरकलं. गाडीने त्या चाकाच्या मोटरचा जोर काढून घेतला, तो बाकीच्या चाकांना वाटून दिला आणि ती सरळ वर निघून गेली. स्टिअरिंगवरच्या तिच्या हातांना साधा हिसकाही बसला नाही.

२०४१ सालचा भाद्रपद होता. पाटण तालुक्यातल्या आंबेघोळच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या त्या सपाट पठारावर, आठ दिवस धुकं हललं नव्हतं. केतकी पुण्याहून वडिलांना न्यायला आली होती. आण्णांचं, म्हणजे दिनकर सपकाळांचं, वय एकाहत्तर. सड्यावरच्या पवनचक्क्यांच्या कंपनीत त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि गावात उघडी घरं उरली होती अकरा.

"पुन्यात काय करू मी?" चहाचा कप पुढे सरकवत आण्णा म्हणाले.

"इथे काय करता?"

"हितं मी कुनाच्या मदी येत न्हाई."

केतकी काही बोलणार तोच फोन वाजला. तिच्याच गाडीचा निरोप होता: आंबेघोळ घाट बंद. पकड अपुरी. वाहन सुरू होणार नाही.

तिने तो दोनदा वाचला. मग तिच्या लक्षात आलं की घाट बंद करणारी माहिती तिच्याच मागच्या उजव्या चाकाने पाठवली होती. आणि त्या माहितीवरून घाट बंद करायचा नियम लिहिला होता तोही तिनेच.

आण्णांच्या काळी चारही चाकांना जोर देण्याच्या पद्धती मोजक्याच होत्या. साध्या गाड्यांत एरवी दोनच चाकं ओढायची. ती घसरली की एक क्लच आवळला जायचा आणि उरलेली दोन मदतीला यायची, थोडी उशिरा. वेगवान गाड्यांमध्ये जोर मुख्यतः मागे असायचा आणि वळणात बाहेरच्या चाकाला जास्त मिळायचा, म्हणजे गाडी वळणात आत खेचली जायची. ट्रकचा मामला वेगळा. ड्रायव्हरने दांडा ओढला की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना जखडले जायचे. आणखी एक कळ दाबली की त्या त्या आसावरची डावी-उजवी चाकंसुद्धा. चारही चाकं एकाच गतीने फिरणार म्हणजे फिरणार. एक चिखलात असलं तरी ज्याच्याखाली घट्ट जमीन आहे ते ट्रकला बाहेर काढणार.

मग प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर आली. अशा चाकाला आपल्याखाली किती पकड आहे हे सेकंदाला हजार वेळा कळतं, कारण ते कळल्याशिवाय त्याला जोर देताच येत नाही. रस्त्यांची सुरक्षितता बघणाऱ्या केतकीच्या सरकारी विभागाने एवढंच केलं की हे कळणं प्रत्येक गाडीपाशी न ठेवता एकत्र गोळा केलं. लाखो चाकांनी दिलेल्या आकड्यांचा एक नकाशा तयार झाला. जिथे पकड ठरावीक आकड्याच्या खाली जाईल तिथे रस्ता लाल होई, आणि लाल रस्त्यावर कुठलीही नवी गाडी पुढे जात नसे. ज्या जुन्या गाड्यांना मोजता येत नव्हतं त्यांना घाटबंदी झाली. चार वर्षांत राज्यातल्या घाटांमधले मृत्यू एक तृतीयांशावर आले.

सुरुवातीला ड्रायव्हरला अडचणीसाठी एक सवलतीची चावी होती. एका पर्यटन कंपनीच्या ड्रायव्हरने ती वापरून लाल रस्त्यावर बस घातली आणि एकोणीस माणसं गेली. त्या अपघाताचा अहवाल केतकीने लिहिला. प्रेतं ओळखायला आलेल्या माणसांशी ती बोलली होती. त्यानंतर तिने चावी काढून टाकायला लावली, पार मुळापासून. कुणाचा दबाव आला तरी, मंत्र्याचा किंवा तिचा स्वतःचा, लाल रस्ता उघडता येऊ नये म्हणून.

"मंग आता?" आण्णांनी विचारलं.

"दोन दिवसांत वाळेल."

आण्णांनी दाराबाहेरच्या धुक्याकडे पाहिलं. "वाळंल," ते म्हणाले. "दिवाळीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला शेवंता मावशी उजवा हात डाव्या हाताने धरून अंगणात आली. ती शेजारची. केतकीची आई गेल्यापासून आण्णांच्या दोन भाकऱ्या तिच्याच चुलीवर होत. बोटाला दोन बारीक टोचे होते आणि मनगटापर्यंत सूज चढली होती.

"शेणी काढत हुते," ती शांतपणे म्हणाली. "फुरसं हुतं. बगितलं म्या."

फुरशाचं विष सावकाश चढतं, पण रक्त गोठू देत नाही. लस कऱ्हाडला होती. पाटणलाही होती. गावातल्या उपकेंद्राला कुलूप होतं, कारण नर्सबाईंची गाडी काल दुपारपासून पायथ्याला अडकली होती. केतकीने रुग्णवाहिका मागवली. ती पाऊण तासात पायथ्याच्या फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. वळण गावापासून फक्त दोन किलोमीटरवर होतं, पण घाटात मध्ये गाडी फिरवायला जागा नव्हती. म्हणून एक वळण लाल झालं की खालपासून वरपर्यंतचे नऊच्या नऊ किलोमीटर लाल. हीसुद्धा केतकीचीच सूचना. धुक्यात आणि त्या वाऱ्यात ड्रोन उडत नव्हतं.

तिने नकाशाच्या नियंत्रण केंद्रात फिरोज इनामदारला फोन लावला. दोघांनी मिळून नकाशा उभा केला होता. आता तो प्रमुख होता.

"फिरोज, तो आकडा माझ्या गाडीचा आहे. रुंद टायरची, वेगाची गाडी. शेवाळावर तरंगली. रुग्णवाहिकेचे टायर अरुंद आहेत, ते शेवाळ कापून खालच्या जांभ्या दगडापर्यंत जातील."

"मला कळतंय."

"मग उघड."

"कसं उघडू? तीन गाड्यांनी तिथून जाऊन चांगला आकडा दिला की उघडेल."

"लाल असताना गाडी जाणार कशी?"

"केतकी," तो म्हणाला, "हाच प्रश्न मी तुला बैठकीत विचारला होता. तू म्हणालीस, दार उघडं ठेवलं की कुणीतरी त्यातून बस घालतंच."

तिने फोन ठेवला. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवलेली गोष्ट तिला आठवली. पकड रस्त्याची नसते. पकड असते रस्ता आणि टायर या दोघांमधली. हे ठाऊक असूनही तिने नकाशात प्रत्येक जागेला एकच आकडा ठेवला होता, सगळ्या वाहनांतला सर्वांत वाईट. सोपं पडेल म्हणून, आणि सुरक्षित म्हणून.

ती अंगणात उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीत बसली. तीन सेकंदांत ताशी शंभरचा वेग घेणारी गाडी. तिने बटण दाबलं. पडद्यावर तेच वाक्य आलं. ती एक्सिलरेटरवर पाय दाबत राहिली. गाडी अंगणातून हातभरही हलली नाही. काचांवर धुकं साचत गेलं आणि बाहेरचं घर दिसेनासं झालं. आपल्याच हाताने बांधलेल्या खोलीत आपणच कोंडले गेलोय आणि दाराला आतून कडी ठेवायची आपणच विसरलोय, असं तिला वाटलं. तिने घाईघाईने दार उघडलं.

ओट्यावर शेवंता मावशी थुंकली. थुंकी लाल होती.

"डोली करूया," शेजारचे म्हातारे गणू तात्या म्हणाले. पण गावात खांदा देण्याजोगे चौघे नव्हते. होते ते साठीच्या पुढचे, आणि उतार नऊ किलोमीटरचा.

आण्णा घरामागे गेले. थोड्या वेळाने इंजिनचा आवाज आला, आधी खोकल्यासारखा, मग सलग. कंपनीने भंगारात काढलेला तो फोर-बाय-फोर ट्रक आण्णांनी ठेवून घेतला होता. परवाना रद्द होऊन तीन वर्षं झाली होती. दर रविवारी ते तो नुसता सुरू करून बंद करत.

"आण्णा, हा घाटात न्यायचा नाहीये. कायद्यानं…"

"कुनाचा कायदा?"

केतकीने मावशीला हाताला धरून ओट्यावरून उठवलं.

"मी चालवतो," आण्णा म्हणाले.

"तुम्हाला उजव्या डोळ्यानं दिसत नाही."

त्यांनी स्टिअरिंग सोडलं. मग खाली उतरून दुसऱ्या बाजूला गेले. "मंग तू चालीव. मी सांगतो."

तिघं पुढेच बसली. मध्ये मावशी, हाताला ओलं फडकं गुंडाळून, पलीकडे आण्णा. केबिनमध्ये डिझेलचा वास होता. समोर एकही आकडा नव्हता. वेगाचा काटा मोडलेला. केतकीने पंधरा वर्षं चाचणीच्या धावपट्टीवर गाड्या चालवल्या होत्या. दर क्षणी प्रत्येक चाकाचं काय चाललंय हे तिला पडद्यावर दिसत असे. आता काचेपलीकडे पांढरं धुकं होतं, त्यात दहा फूट रस्ता, आणि खाली चार चाकं, ज्यांच्याबद्दल तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"लहान गिअरात टाक. दांडा ओढ. सगळं लॉक कर," आण्णा म्हणाले. "आन् ब्रेकला पाय लावू नगंस. ब्रेक लावलास की चाक थांबतंय, गाडी न्हाई थांबत. इंजिनालाच धरू दे."

हे तिलाही ठाऊक होतं. चारही चाकांना जोर मिळाल्याने गाडी चढते, निघते. थांबायला त्याचा उपयोग नसतो. उतारावर या ट्रकची भिस्त एवढीच, की सगळी चाकं जखडलेली असल्याने इंजिनचा अटकाव चारही चाकांवर सारखा पडतो. माणसाच्या चालीने ट्रक उतरू लागला.

दोन किलोमीटर जायला वीस मिनिटं लागली. मावशी मध्येच पुटपुटत होती. एकदा म्हणाली, "म्हशीला पानी दावायचं ऱ्हायलं."

"गणू तात्या दाखवतील," केतकी म्हणाली.

"त्येला मारती ती."

मग वळण आलं. आतल्या बाजूला डोंगराची कड, बाहेर दरी. दरी दिसत नव्हती, पण पाण्याचा आवाज खोल खालून येत होता. केतकीने स्टिअरिंग फिरवलं. पुढची चाकं वळली. ट्रक वळला नाही.

जखडलेल्या चाकांची हीच खोड. वळणात बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. लॉक त्याला ते कापू देत नाही. म्हणून गाडी सरळच जाऊ पाहते. कोरड्या रस्त्यावर चाकं थोडी घासून जुळवून घेतात. शेवाळावर ती नुसती घसरत राहतात. ट्रकचं नाक हळूहळू, अगदी सावकाश, दरीच्या बाजूला सरकू लागलं.

लॉक काढला तर ट्रक वळेल. पण मग इंजिनचा अटकाव फक्त मागच्या चाकांवर राहील आणि मागची बाजू सुटेल. केतकीला दोन्ही आलेख डोळ्यासमोर स्वच्छ दिसत होते, आणि दोन्ही दरीतच संपत होते. तिचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक न्हाई!" आण्णा ओरडले. "आत घे! गटारात घाल!"

"काय?"

"डोंगराकडच्या गटारात घाल आतली चाकं! गटार वळवतंय!"

तिने स्टिअरिंग पूर्ण आत ओढलं आणि एक्सिलरेटरला जरासा पाय लावला. जोर देऊ नये अशा ठिकाणी दिलेला जोर. चारही चाकं एकदम फिरली, एका कुठल्यातरी चाकाखाली दगड लागला आणि ट्रक धाडकन आत कलंडला. आतली दोन्ही चाकं दगडी गटारात पडली. मावशी केतकीच्या अंगावर आली. गटाराच्या भिंतीवर टायर कराकरा घासू लागले आणि त्या भिंतीनेच ट्रकला धरून, फरपटत, वळणाभोवती फिरवलं. वीस-पंचवीस फूट. मग रस्ता सरळ झाला आणि खाली खडी लागली.

आण्णांनी फक्त, "आता काढ भाईर," एवढंच म्हटलं.

पायथ्याला रुग्णवाहिका फाटकापाशी उभी होती. शेजारी पोलिसांची गाडी.

मावशी वाचली. कऱ्हाडच्या दवाखान्यात सोळा दिवस होती. उजव्या हाताचं एक बोट मात्र काढावं लागलं. ट्रक त्याच दिवशी जप्त झाला आणि महिन्याभरात कापला गेला. केतकीवर चौकशी बसली. आणि घाट लालच राहिला, म्हणून आण्णांना पुण्याला यावं लागलं.

नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी रस्त्याकडे बघायचं टाळत. जेवायला वाढलं की जेवत, विचारलं की "बरं हाय" म्हणत. एकदा केतकी ऑफिसातून आली तेव्हा ते लिफ्टमध्येच उभे होते. दार उघडून बंद होत होतं आणि ते बाहेर येत नव्हते.

"आण्णा, कुठे निघालात?"

"कुटंच न्हाई," ते म्हणाले. "खाली जाऊन आलो. मंग वर आलो. मंग काय करायचं त्ये सुचंना."

ती बाहेरच उभी राहिली. त्यांना इथे आणायलाच तर ती गेली होती.

स्वतःची गाडी अजून आण्णांच्या अंगणात अडकलेली असल्याने डिसेंबरात ती एकटी पायथ्यापर्यंत भाड्याच्या गाडीने गेली आणि फाटक ओलांडून घाट पायी चढली. ऊन लख्ख होतं. वळणावरचं शेवाळ कधीच वाळून उडून गेलं होतं. जांभा दगड पायाला पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागत होता. त्यावरून कुठलीही गाडी डोळे मिटून गेली असती. नकाशात मात्र तिथे अजून सप्टेंबरचा आकडा होता, कारण त्यानंतर तिथून कुणी गेलंच नव्हतं. वर गावात सात घरं उघडी उरली होती. गणू तात्या डोक्यावर पिठाचं पोतं घेऊन खालून निघाले होते. ती उतरताना ते तिला अर्ध्या वाटेत भेटले आणि पोतं खाली न टेकवता पुढे गेले.

चौकशी समितीपुढे तिने ट्रकबद्दल काही सफाई दिली नाही. तिने दोनच गोष्टी मागितल्या. एक, नकाशात प्रत्येक जातीच्या टायरला वेगळा आकडा. ते मान्य झालं, वर्षभराचं काम होतं. दुसरी गोष्ट निघाली तेव्हा खोलीत कुजबुज झाली.

"माणूस?" समितीत बसलेला फिरोज म्हणाला. "तू माणूस मागतेस? चावी तूच काढलीस."

"चावी गाडीतल्या माणसाकडे होती. त्याला पोहोचायची घाई असते. मी रस्त्यावरचा माणूस मागतेय. जो रोज सकाळी वळणावर चालत जाईल, पायाने बघेल, आणि आपल्या नावाने लिहून देईल की आज जा, किंवा जाऊ नका."

"आणि गाडी दरीत गेली तर?"

"तर त्याचं नाव आहेच."

"असं नाव कोण देणार?"

तिने कागद पुढे ओढला. एका घाटावर, एका वर्षासाठी, प्रयोग म्हणून तिची मागणी मंजूर झाली. पुण्याची नोकरी सोडावी लागली. सही करताना तिला स्पष्ट कळत होतं की आपण कशात पाय टाकतोय: या घाटातून खाली जाणारी प्रत्येक गाडी, तिच्यातला प्रत्येक माणूस, आता आपल्या नावावर. सुट्टी नाही, आजारपण नाही. घाट उघडा ठेवायचा तर रोज तिथे असायचं.

फेब्रुवारीत घाट उघडला. आण्णा घरी गेले, केतकीही. उन्हाळाभर तिने रोज सकाळी सहाला जाऊन "खुला" लिहिलं आणि ते सोपं गेलं. जून-जुलैत शेवाळ खरवडायला गावातली दोन माणसं कामावर घेतली; तरी बारा दिवस घाट बंद ठेवावा लागला. लोक कुरकुरले.

भाद्रपदात तिसऱ्या दिवशी धुकं उतरलं. पहाटेची सही तिने केली होती. दुपारी तीनला पुन्हा बघायला वळणावर गेली तर सकाळी कोरडी असलेली पट्टी हिरवट झाली होती. ती त्यावर उभी राहिली, टाच घासली. पाय सरकला, फार नाही, पण सरकला. तिने फोनवर "बंद" लिहिलं.

पाच मिनिटांनी खालून धुक्यातून दिवे आले. गावाची नवी सहा आसनी गाडी होती, अरुंद टायरची. बंदचा निरोप आला तेव्हा ती आधीच घाटात होती; आता वळणाच्या अलीकडे येऊन ती आपोआप थांबली. आत पाटणचा बाजार करून येणारी तीन माणसं होती. मावशी होती, चार बोटांच्या हातात औषधांची पिशवी धरून. पुढच्या सीटवर आण्णा होते.

ड्रायव्हरने काच खाली केली. "बाई, एवढं एकच वळण. सकाळी तर आलो की ह्यावरनं."

"सकाळी होतं. आता नाही."

"जाईल ओ ही. ह्या टायरला जातंय."

जाईलही. दहातल्या नऊ वेळा नक्की. केतकीने मावशीकडे पाहिलं, मग वडिलांकडे. वरचं गाव दोन किलोमीटरवर होतं, आणि गाडी आता मागे-मागे घेत फाटकापर्यंत उतरवावी लागणार होती.

"आण्णा," ती म्हणाली, "आज नाही."

आण्णांनी तिच्याकडे बघितलं. मग दार उघडून ते खाली उतरले, चालत वळणापर्यंत आले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. उजवा पाय पुढे टाकून त्यांनी त्यावर हळूहळू भार दिला. चप्पल सरकली. त्यांनी केतकीच्या खांद्याला धरलं.

"न्हाई जात," ते गाडीच्या दिशेने ओरडले. "उतरा सगळी. चालत जायाचं."

मग त्यांनी मावशीची पिशवी घेतली, आणि एकेकाला हाताला धरून गटाराच्या कडेने वळण पार करून देऊ लागले.